पोट वाटीभर आणि दुधाच्या बाटल्या पाच

"मावशी, माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. एप्रिलमध्ये अंगणवाडीत वजन ९.६ किलो भरलं होतं. मे महिन्यात माहेरी बार्शीला गेलो, तिथं तिला ताप आणि जुलाब झाले, आठ दिवस पोटाला आराम म्हणून फक्त साबुदाण्याची पेज दिली. परत आलो तर वजन ८.५. आता महिना झाला तरी ८.८ च. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले आता काही नाही, नीट खाऊ घाला. पण ती खातच नाही. दिवसाला चार-पाच बाटल्या दूध पिते, मोबाईल लावला तर दोन घास जातात. सासूबाई म्हणतात दात येतायत म्हणून असं, शेजारच्या वहिनी म्हणतात वजन वाढायची पावडर आण, मिस्टर रोज बिस्किटाचा पुडा आणतात. खाल्लेलं अंगालाच लागत नाही. कुणाचं ऐकू? (एक आई, जुळे सोलापूर)"

अगं, आधी तुझ्या पत्रातल्या त्या 'च'चं बघू. "महिना झाला तरी ८.८ च" असं लिहिलंयस, पण साडेआठावरून ८.८ म्हणजे एका महिन्यात ३०० ग्रॅम वाढले की. या वयाचं चांगलं खातंपितं लेकरू महिन्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं, पहिल्या सहा महिन्यांत जसं भराभर वाढतं तसं नंतर कुणाचंच वाढत नाही, त्यात दीड वर्षाला लेकरं दिवसभर पळत असतात, बाळसं उतरतं आणि बघणाऱ्याला वाटतं वाळलं. तर तुझी लेक दुधावर आणि बिस्किटावर राहून पण ३०० ग्रॅम वाढली. म्हणजे अंगाला लागतंय. जे लागायला पाहिजे ते पोटात जात नाहीये, एवढंच.

आणि एक, ही तिन्ही वजनं एकाच काट्यावरची आहेत का? मी बावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आहार बघायचं काम केलं, दुसऱ्यांच्या लेकरांचे हजार तक्ते भरले, आणि माझ्याच पोराचं वजन एकदा महिन्यात ७०० ग्रॅम कमी भरलं तर रिक्षात बसून रडत घरी आले होते. नवऱ्यानं विचारलं मागच्या वेळी स्वेटर होता का गं, तर स्वेटर होता, बूट होते, आणि काटा दुसऱ्याच दवाखान्यातला होता. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, एकच काटा, अंगावर फक्त चड्डी, शक्यतो सकाळची वेळ. आणि रोज करायचं नाही. पंधरा दिवसांनी एकदा बास. रोज केलं तर शी-शूनं पण शंभर-दोनशे ग्रॅम इकडं-तिकडं होतं आणि तू उगं दिवसभर तोंड पाडून बसशील.

तिचं अंगणवाडीचं कार्ड काढ, माता बाल संरक्षण कार्ड, त्यात मुलींचा गुलाबी आलेख असतो बघ. वीस महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन साधारण १०.६ आहे, आणि ८.४ च्या खाली गेलं की हिरवा पट्टा संपून पिवळा लागतो. तुझी ८.८ म्हणजे हिरव्यातच आहे पण कडेला. गाफील राहू नको आणि घाबरू पण नको, असं ते कडेचं दुखणं. अंगणवाडी ताईंना म्हणावं दंडाचा घेर पण मोजा, त्यांच्याकडं पट्टी असते. १२.५ सेंटिमीटरच्या वर आला तर ठीक, खाली आला तर डॉक्टरांकडं जायचं, आणि ११.५ च्या खाली म्हणजे त्याच दिवशी. उंची पण मोजून घे, ती वाढत असेल तर अर्धी काळजी तिथंच मिटते.

आता मूळ गोष्ट. पाच बाटल्या म्हणजे किती दूध गं? २०० ची बाटली धरली तर लिटरभर. तिच्या वयाला दिवसाला साधारण १००० कॅलरी लागतात, लिटरभर गाईच्या दुधात साडेसहाशे गेल्या, वर चार बिस्किटं, मग जेवायला जागा कुठंय? लेकराचं पोट म्हणजे एक मोठी वाटी, त्यात आपण दर दोन तासाला बाटली ओततो आणि परत म्हणतो खात नाही. ती खात नाही असं नाही, ती भरलेली असते. आणि जर तू दुधात निम्मं पाणी घालत असशील (बऱ्याच जणी घालतात, पचायला जड होतं म्हणून) तर आणखीच वाईट, पोट भरलं पण आत काहीच नाही. वीस महिन्यांच्या लेकराला पाणी न घालता दूध पचतं.

दुधाचा दुसरा घोटाळा म्हणजे त्यात लोह जवळजवळ नसतंच. जास्त दूध पिणारी लेकरं गोरीगुबगुबीत दिसतात पण रक्त कमी असतं, आणि रक्त कमी झालं की भूक मरते, भूक मेली की परत दूधच. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० लेकरांत ६८-६९ जणांना रक्त कमी आहे असं २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत निघालंय, तेव्हा आपल्या घरात नसेल असं धरून चालू नको. डॉक्टरांना एकदा हिमोग्लोबिन बघायला सांग. अंगणवाडीतून नाहीतर आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते घेऊन फडताळात ठेवलं असशील तर काढ.

तर दूध दिवसाला ४०० मिली, फार तर ५००. एकदम तोडू नको, घर डोक्यावर घेईल. पहिल्या चार दिवसांत जेवणाच्या आधीची बाटली काढ, मग दुपारची, रात्रीची सगळ्यात शेवटी. आणि उरलेलं दूध पेल्यातून. बाटलीचं बूच कितीही धुतलं तरी आत दूध चिकटून राहतं, आणि आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आलं की पिंप, बादल्या, टाक्या भरून ठेवायच्या आणि तेच दिवस-दिवस वापरायचं, तिथं बाटली म्हणजे जुलाबाला आवतण. तिचं पिण्याचं पाणी उकळून झाकून ठेव, काढायला दांड्याचं पात्र घे, पिंपात हात बुडवून तांब्या भरणं बंद कर. वजन वाढवायच्या गप्पात हे कुठं आलं असं वाटेल तुला, पण तुझ्या लेकीचं किलोभर वजन खाण्यामुळं गेलं का? जुलाबामुळं गेलं. पावसाळ्यात परत एकदा झाले तर सगळी मेहनत पाण्यात.

दूध कमी केलं की दोन-तीन दिवस ती चिडेल आणि जेवणार पण नाही, हा काळ कठीण जातो, सासूबाईंना आधीच सांगून ठेव नाहीतर तू भांडी घासायला गेलीस की मागनं बाटली तोंडात जाणार. चौथ्या-पाचव्या दिवशी भूक लागते. लागतेच.

मग खायला काय द्यायचं, तर नवीन काही नाही, घरातलंच, पण घट्ट आणि जड करून. वरणाचं पाणी, भाताची पेज, मटणाचा नुसता रस्सा, साबुदाण्याची पेज हे सगळं पाणीच की गं. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळ कुठं असते? खालचं गाळ वरण दे. चमचा उभा धरला तरी पडणार नाही एवढं घट्ट पाहिजे.

तुला एक हिशोब करून दाखवते. १ ग्रॅम वजन वाढायला साधारण ५ कॅलरी जास्तीच्या लागतात. तिला ९.६ ला परत न्यायचं म्हणजे ८०० ग्रॅम, म्हणजे ४००० कॅलरी. सहा आठवड्यांत विभागल्या तर दिवसाला शंभरच्या आत. शंभर कॅलरी म्हणजे काय, एक लहान चमचा तूप (त्यात ४५) आणि एक मोठा चमचा शेंगाचं कूट (त्यात पन्नासभर). बास एवढंच. कागदावरचा हिशोब आहे, लेकरू काही कागद वाचून वाढत नाही, सहाच्या जागी दहा आठवडे लागतील, पण तुला डोंगर वाटतोय तो डोंगर नाही हे कळावं म्हणून सांगितलं. डबाभर पावडरची गरज कुठंय?

शेंगा तर आपल्याकडं पोत्यानं. सोलापूरच्या माणसाला शेंगाचं महत्त्व मी काय सांगायचं! फक्त तिला अख्खा शेंगदाणा हातात देऊ नको, घशात अडकतो, पाच वर्षांपर्यंत नाहीच, फुटाणे पण नाहीत, आणि द्राक्ष असेल तर उभं चार तुकडे करून. शेंगा भाजून, सालं काढून बारीक कूट कर, डबीत भरून ठेव, आणि खिचडीत, वरणात, दह्यात, भाजीत, जिथं जमेल तिथं चमचाभर टाक. आधी कधी शेंगा दिल्या नसशील तर पहिल्या दिवशी चिमूटभर देऊन बघ, अंगावर गांध्या उठल्या, तोंड सुजलं किंवा उलटी झाली तर थांब आणि डॉक्टरांना दाखव.

सकाळी उठल्यावर दूध नाही. तासाभरात नाष्टा, ज्वारीच्या कण्या नाहीतर नाचणीची घट्ट लापशी दुधात शिजवून वर तूप-गूळ, किंवा अंड्याची पोळी तुपात, एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि तिला दिवसाला साडेबारा ग्रॅमच लागतं. दहा-साडेदहाला केळं दह्यात कुस्करून. दुपारी मऊ भात, घट्ट वरण, तूप, एखादी भाजी घोटून आणि लिंबाचे दोन थेंब, लिंबानं डाळी-भाजीतलं लोह अंगात चांगलं जातं. चारला उकडलेला बटाटा तुपावर परतून किंवा खजूर बी काढून बारीक करून किंवा शेंगाच्या पोळीचा तुकडा मऊ करून. रात्री भाकरी. कडक भाकरी तिला चावणार नाही पण ताजी पापुद्र्याची भाकरी गरम दुधात नाहीतर वरणात कुस्करून वर तूप घातलं की लेकरं आवडीनं खातात, हे खाऊनच आपल्या तीन पिढ्या मोठ्या झाल्या. हुलग्याचं माडगं करत असाल तर गूळ घालून वाटीभर, पण घट्ट. घरात चालत असेल तर मटण चांगलं शिजवून, बारीक करून, भातात. झोपताना पेलाभर दूध.

पाच वेळा झालं बघ. मधल्या वेळात फक्त पाणी, बिस्किट नाही, चुरमुरे नाहीत, आजोबांच्या बशीतला चहा तर अजिबात नाही, चहानं लोह अडतं आणि भूक पण जाते. आणि उन्हाचं पण बघ, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा मोठ्यांना भाकरी गोड लागत नाही, लेकराला दुपारी एकला भरवत बसायचं म्हणजे दोघींचाही छळ. उन्हाळ्यात मोठी जेवणं सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर ठेवायची, दुपारी दही-भात. यंदा आता गारवा झालाय तर त्याचा फायदा घे.

किती खायचं ते तिनं ठरवायचं. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीय. तू काय, कधी, कुठं ते ठरव, दोन मोठे चमचे वाढ, संपलं तर आणखी वाढ, तोंड फिरवलं तर एकदा-दोनदा विचार आणि ताट उचल, वीस-पंचवीस मिनिटांच्या वर जेवण चालवायचं नाही. नाक दाबून, हात धरून घातलेला घास उलटून येतो आणि लेकराला ताटाची भीती बसते, मी वॉर्डात असली लेकरं पाहिलीत जी चमचा दिसला की थरथरायची. सगळे जेवायला बसले की तिला पण छोटी ताटली देऊन मांडीला मांडी लावून बसव, सांडू दे, हातानं खाऊ दे, केसांना वरण लावू दे. नवीन पदार्थ पहिल्यांदा थुंकला म्हणजे आवडत नाही असं नसतं, आठ-दहा वेळा वेगवेगळ्या दिवशी पुढं यावा लागतो.

मोबाईल बंद. मोबाईलवर दोन घास जातात हे खरं, पण लेकराला पोट भरलं का रिकामं हे कळत नाही आणि पुढं तो नसला की तोंडच उघडत नाही. इथं तुझ्या मिस्टरांना पण सांग, जेवताना बाबांच्या हातात फोन असेल तर तिला कसा नाही म्हणणार. पुडा आणायची एवढी हौस असेल तर येताना डझनभर केळी आणा म्हणावं, नाहीतर सांगोल्याकडची डाळिंबं येतात ती, दाणे चेंगरून देता येतात. बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि पामतेल, वजन वाढेल एखादवेळेस पण रक्त वाढणार नाही, आणि गोडाची चटक लागली की भाकरी कोण खातंय.

वहिनींच्या पावडरीचं. डब्यावरचं बारीक अक्षर वाच, बहुतेकांत साखर पहिल्या दोन-तीन नावांत असते. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर वेगळं, स्वतःहून नको, ते पैसे अंड्यांना आणि तुपाला घाल. आणि मेडिकलमधून भूक वाढवायचं सिरप तर मुळीच आणू नको, त्यातल्या काहींत खरं तर अ‍ॅलर्जीचं औषध असतं, लेकरू पेंगतं, आणि दोन वर्षांच्या आतल्याला ते देत नाहीत.

सासूबाईंना राग येईल असं सांगू नको पण दातांमुळं आठ दिवस ताप आणि जुलाब होत नाहीत. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, एखादा दिवस खाणं कमी होतं. त्या वयात लेकरू सापडेल ते तोंडात घालतं आणि तिथनं जंतू जातात, म्हणून दोन्ही एका वेळी दिसतं. त्यांना दृष्ट काढायची असेल तर काढू दे की, मीठ-मोहरीनं काही बिघडत नाही, फक्त जेवणाच्या वेळेला नको, धुरानं खोकला लागला तर आलेला घास परत जाईल.

आणि माहेरच्यांनाही पुढच्या वेळेसाठी सांगून ठेव, जुलाबात पोटाला आराम द्यायचा नसतो. ओआरएस चालू ठेवायचं, दही-भात, खिचडी, केळं थोडं थोडं दर दोन तासाला द्यायचं, आणि झिंकची गोळी किंवा सिरप डॉक्टर सांगतील तसं पूर्ण १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. बहुतेक घरात ती बाटली अर्धी उरलेली असते, तुझ्या घरात पण असेल. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं. हे मे महिन्यात कुणी सांगितलं असतं तर आज तू मला पत्रच लिहिलं नसतंस. जंताची गोळी पण विचार, एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी, चुरून पाण्यातून, अंगणवाडीत देतात ती.

आता जे मला पत्रातून दिसत नाही ते. खालचं काही असेल तर माझं खिचडी-पुराण बाजूला ठेव आणि बालरोगतज्ज्ञांकडं जा: जुलाब १४ दिवसांच्या वर चाललेत किंवा शीतून रक्त पडतंय, सारखा ताप येतोय, घरात किंवा शेजारी कुणाला टीबी आहे किंवा दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, खूप तहान-तहान करून सारखी शू होते, रोज उलट्या, पायांवर सूज, किंवा खेळणंच सोडून नुसती पडून राहते. लघवीतलं इन्फेक्शन पण लहान मुलींत गुपचूप असतं आणि वजन अडवून धरतं, एक साधी लघवीची तपासणी करून घ्यायला काय जातंय. आणि महिनाभर हे सगळं मनापासून करून वजन हललंच नाही किंवा उतरलं, तरी जायचंच. दंडाचा घेर फार कमी निघाला तर अंगणवाडी ताई पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतील, तिथं आईसकट ठेवून घेतात आणि पैसे पडत नाहीत, लाजू नको, आमच्याकडं यायच्या त्यातल्या बऱ्याच जणी तुझ्यासारख्याच चांगल्या घरच्या, शिकलेल्या असायच्या.

तू शेवटी खाली बारीक अक्षरात विचारलंयस की शेंगाची चटणी तिला कधीपासून देऊ, आजोबा बोटाला लावून चाटवतात आणि ती आणखी मागते. मागते म्हणजे चव लागली की! चटणी कुटताना तिखट, लसूण आणि मीठ घालायच्या आधी मूठभर कूट बाजूला काढ, चिमूट जिरेपूड टाक, ती तिची चटणी. आजोबांनाच काम दे, रोज रात्री भाकरीच्या काल्यात ती चटणी आणि तूप घालून त्यांच्याच हातानं भरवू देत.